थोटीची वाट

कुझुहामा
१० मे १९९८

मात्सुओ,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी, असं तुझे दादा म्हणायचे. तर दक्षिणेचा वारा सुटलाय, डास आलेत. झालं हवापाणी.

त्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला तू आलास, खाली मान घालून जेवलास आणि एक अक्षर न बोलता शेवटच्या बसने गेलास. मी रागावले नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. मी डब्यात दिलेले भाताचे गोळे खारट लागतात म्हणून वर्गात वाटून टाकायचास आणि घरी येऊन ‘छान होते’ म्हणायचास. तेव्हापासून तुला ओळखते. फोनवर तुझा उजवा कान चालत नाही आणि डावा ऐकून घेत नाही, म्हणून लिहितेय.

कासवांचा मोसम सुरू झाला. आम्ही पाच जणींनी किनारा साफ केला. बाटल्या, दोर, एक अख्खा बाथटब निघाला. रस्त्यावरच्या थंड पेयांच्या यंत्राचा उजेड थेट वाळूवर पडतो, म्हणून शेजारच्या ताकेयोने आपल्या नवऱ्याची जुनी रजई त्यावर टाकली. यंत्रवाला भांडायला आला होता. ताकेयो त्याला म्हणाली, “थंडी वाजत होती बिचाऱ्याला.”

या वर्षी आपल्या थोटी कासवीची पाळी आहे. दोन-तीन वर्षांनी येते, मागे आली त्याला दोन वर्षं झाली. तिचा मागचा डावा पाय शार्कने नेलाय, तुला माहीतच आहे. खड्डा खणताना एकदा उजव्या पायाने वाळू काढते आणि मग नसलेला डावा हलवते, दर वेळी, अगदी मन लावून. असा खड्डा होतच नाही. मग ती उघड्यावर अंडी टाकून जाते आणि सकाळी कावळे येतात. म्हणून दादा तिच्यामागे पालथे पडून डाव्या पायाच्या पाळीला स्वतःच्या हाताने वाळू काढायचे. जायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी मला पांघरुणावर हात ठेवून शिकवलं. कोपर कुठे टेकायचं, किती वाळू घ्यायची, ती थांबली की आपणही थांबायचं. या खेपेला ते हात माझे असणार. मी कबूल केलंय.

तुझ्या जाळ्यात कासवं अजून अडकतात का रे? दादा जाळ्याच्या ज्या झाकणावरून तुझ्याशी भांडले, ते राहू दे. आता भांडायलाही ते नाहीत.

वहिनी

⁂

इसाकी
२८ मे १९९८

वहिनी,

सोबत सुकवलेले बांगडे पाठवलेत. मीठ कमी आहे.

मी बोलत नाही हे खरं. काय बोलू? दादांशी माझं शेवटचं बोलणं ते भांडणच. ते म्हणाले होते, जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला वरून झाकण लाव, आतून ढकललं की उघडेल असं, म्हणजे कासवाला श्वास घ्यायला वर जाता येईल. मी म्हटलं, “तुमच्या कासवांना दार उघडून द्यायचं आणि मासे त्यांच्यामागून निघून जायचे, होय ना?” खलाशी हसले. दादा हसले नाहीत. या जाळ्यावर एकोणीस घरं चालतात, वहिनी. तांडेल म्हणून मला त्यांच्याकडे बघावं लागतं.

कासवं अडकतात. जिवंत असली तर रीतीप्रमाणे तोंडावर साके शिंपडून सोडतो. कधी उशीर होतो.

एक विचारू? थोटी नाहीच आली तर? समुद्र मोठा आहे. दोन वर्षांत काय काय होऊ शकतं. तुम्ही त्या एकीवर सगळा जीव लावून बसू नये, एवढंच म्हणतो.

मात्सुओ

⁂

कुझुहामा
९ जून १९९८

मात्सुओ,

बांगडे चांगले होते. खरंच म्हणतेय, वाटून टाकले नाहीत.

‘नाहीच आली तर’ हे वाचून आधी राग आला. मग विचार केला, बरोबर विचारलंय. आतापर्यंत अकरा जणी येऊन गेल्या. रोज पहाटे माग बघते. सगळ्यांच्या मागच्या पायांच्या खुणा दोन्हीकडे सारख्या. एकाही मागात डावी बाजू फरफटलेली नाही.

मी असं ठरवलंय. वीस तारखेपर्यंत थांबायचं. आली नाही तर ती दादांच्या मागोमाग गेली असं धरायचं आणि एकवीसच्या बसने तोकुशिमाला चिसाकडे जायचं. लेक कधीची बोलावतेय आणि तिथे माझं एक छोटंसं काम आहे, ते एप्रिलपासून लांबलंय. मग या मोसमाचं सगळं ताकेयोवर सोपवीन.

एक गेल्यावर दुसरं गेलं, तर तेही गिळीन. या वर्षी गिळायची सवय झाली आहे. तू माझी काळजी करू नकोस. तुझा आवाज पत्रातही खाली गेलेला ऐकू येतो, तेवढा वर आण.

वहिनी

⁂

इसाकी
१४ जून १९९८

वहिनी,

घाईने लिहितोय, पत्र वीसच्या आत पोचायला हवं.

काल सकाळी जाळं ओढून परतताना भूशिराच्या टोकापलीकडे एक कासवी श्वास घ्यायला वर आली. मोठी होती. बोटीला बघून वळली तेव्हा मागचा डावा पाय दिसला. अर्धाच. पुढच्या पायाला दादांनी लावलेला बिल्ला चमकला. मी इंजिन बंद केलं. दोन-तीन श्वास घेऊन ती दक्षिणेला, तुमच्या बाजूला गेली.

थोटीच होती. उशीर करतेय, पण येतेय. तुम्ही चिसाकडे जाऊ नका एवढ्यात. थांबा.

मात्सुओ

⁂

कुझुहामा
५ जुलै १९९८

मात्सुओ,

तुझं पत्र अठराला आलं. मी ते मोठ्याने वाचलं, बुद्धापुढे दादांचा फोटो ठेवलाय तिथे बसून. मग ताकेयोला वाचून दाखवलं. मग एकटीने पुन्हा वाचलं.

बसचं तिकीट परत केलं. चिसा फोनवर ओरडली, “आई, तुला माझ्यापेक्षा कासव मोठं?” मी म्हटलं, तुला दोन्ही पाय आहेत बाळ. तिने फोन आपटला. दोन दिवसांत निवळेल.

आता रोज अंधार पडला की मी पाइनच्या झाडांखाली चटईवर बसते. ताकेयो पेज आणून देते. पोट हल्ली कुरकुर करतं, जेवण नीट उतरत नाही, पण पेज चालते. परवा सराव केला. ताकेयोला वाळूत पालथं झोपवलं आणि तिच्या पायामागे मी पडले. ती उजव्या पायाने वाळू उडवायची, डाव्याच्या पाळीला मी हात घालायचे. चार वेळा झालं आणि ती म्हणते, “शिगेनो, आता अंडी घालू का, की पाहुण्यांना आधी चहा हवा?” आम्ही दोघी इतक्या हसलो की पोलिसाने सायकल थांबवून टॉर्च मारला.

दादा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले. तुला सांगावंसं वाटलं. इतकी वर्षं तुम्हा दोघांच्या भांडणात मी कुणाचीच बाजू घेतली नाही. आता सांगते, तू इंजिन बंद केलंस हे त्यांना फार आवडलं असतं.

वहिनी

⁂

कुझुहामा
६ ऑगस्ट १९९८

मात्सुओ-सान यांस,

मी शिगेनोची शेजारीण ताकेयो. आपण अंत्यविधीच्या वेळी भेटलो होतो. त्यांना न विचारता लिहितेय. कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत, पण आता गप्प बसवत नाही.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्यांना पोटात गाठ आहे आणि लवकर ऑपरेशन करा असं सांगितलं. हेच ते तोकुशिमाचं काम. चिसाने दवाखान्यात जागा मिळवून ठेवली होती. शिगेनोबाईंनी आधी ‘मोसम झाल्यावर’ म्हणून टाळलं. मग जूनमध्ये आपणहून म्हणाल्या, वीसपर्यंत बघते आणि जाते. मला केवढं हायसं वाटलं. पिशवीसुद्धा भरून झाली होती. तेवढ्यात तुमचं पत्र आलं.

कासवी दिसली हे तुम्ही लिहिलंत, त्यात तुमची चूक नाही. तुम्हाला काय ठाऊक. पण आता त्या पेजही ओकतात. अंगावर कपडे टांगल्यासारखे दिसतात. परवा चटईवरून उठता येईना, मी आणि पोलिसाने धरून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसल्या. म्हणतात, “मात्सुओने डोळ्यांनी पाहिलीय. ती आली आणि मी नसले तर?”

आम्ही सांगून थकलो. तुमचं ऐकतील. आता मोसम संपला, ती यायची नाही, जा म्हणून लिहा.

ताकेयो

⁂

इसाकी
८ ऑगस्ट १९९८

वहिनी,

हे पत्र वाचून झालं की चिसाला फोन करा आणि दवाखान्यात जा. ताकेयोताईंनी मला सगळं सांगितलंय. त्यांच्यावर रागवू नका. रागवायला मी आहे.

थोटी येणार नाही. मी तिला जूनमध्ये पाहिली नव्हती. मी तिला २३ मे रोजी पाहिली, माझ्या जाळ्यात.

सकाळची ओढ होती. शेवटची पिशवी वर घेतली तेव्हा माशांच्या खाली ती होती. गेन नावाचा आमचा जुना खलाशी आहे, त्याने पाय बघितला आणि म्हणाला, “तांडेल, ही तुमच्या भावाची.” मी तिला फळीवर घेतली, डोकं खाली, मागचा भाग उंच. तसं केलं की पोटातलं पाणी कधीकधी निघतं आणि श्वास परत येतो. तासभर तसाच बसलो. मासे उन्हात पडून होते. ती उठली नाही. मग टोकापलीकडे नेऊन साके ओतली आणि सोडून दिली. बिल्ला काढायला हात गेला नाही.

मेमधलं तुमचं पत्र तेव्हा खिशातच होतं. तुम्ही त्यात पांघरुणावरचे हात लिहिले होते. उत्तरात खरं लिहायला बसलो आणि बांगड्यांचं लिहिलं. पुढे तुम्ही लिहिलंत की वीस तारखेनंतर तिला मेली असं धरीन. वहिनी, मला वाटलं, दादा गेले, आता हीही गेली असं धरून तुम्ही किनारा सोडून जाताय आणि ते माझ्यामुळे. तुम्हाला थोडा उन्हाळा तरी मिळावा, एवढंच डोक्यात होतं. काम कसलं हे मी विचारलं नाही. एका ओळीत विचारता आलं असतं.

माफी मागत नाही. आधी जा.

मात्सुओ

⁂

तोकुशिमा
११ ऑक्टोबर १९९८

मात्सुओ,

पडून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर चिसाने पुन्हा लिहून दिलंय त्या कागदावर वाच. मजकूर माझाच आहे.

ऑगस्टमध्ये आले, सप्टेंबरात पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. तुझी दोन पत्रं आली, उघडली नाहीत. आज दोन्ही वाचली. तू दोन्हींत एकच विचारलंस, जूनमध्ये आला असतात तर?

मीही डॉक्टरांना तेच विचारलं. तरुण आहे, अजून लपवायला शिकलेला नाही. म्हणाला, जूनमध्ये गाठ बहुतेक कापून काढता आली असती.

‘नाही रे, तेव्हाही उशीरच झाला होता’ असं तुला लिहावं म्हणून काल अर्धी ओळ लिहिली. मग खोडली. माझ्यावर माया म्हणून तू एक खोटं लिहिलंस, तुझ्यावर माया म्हणून मी एक लिहीन, आणि दादांच्या घरात खरं बोलणारं कुणी उरणार नाही. तेव्हा जसं आहे तसं घे. तुझ्या पत्राने मी थांबले. आणि मीही गाठ लपवली, ‘छोटंसं काम’ म्हटलं. तुला सांगितलं असतं तर तू मला खांद्यावर घालून आणलं असतंस. दोघांनी मिळून केलंय हे.

आणखी एक. हे सांगू नये असं वाटत होतं. तुझं पत्र आल्यापासून ऑगस्टपर्यंत, त्या सगळ्या रात्री, मी सुखात होते. दुखत होतं, तरीही. समुद्राकडे बघत बसायला मला कारण होतं. ते कारण खोटं होतं हे कळल्यावर त्या रात्री परत घेता येत नाहीत. घ्याव्यात असंही वाटत नाही. याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुला कळलं तर बघ.

पिशवीला झाकण लाव. दादांसाठी नको, माझ्यासाठी नको. ती थोटी बाई मन लावून दोन्ही पाय हलवायची, तिला वर जायला वाट नव्हती, म्हणून लाव. आणि यापुढे कुणालाही लिहिशील तेव्हा जे मेलं ते मेलं म्हणून लिही.

भेटायला येतो म्हणालास. अजून नको. तुझं तोंड बघितलं की मला डबा भरून द्यावासा वाटेल आणि मी अजून रागात आहे. राग गेला की बोलावीन.

वहिनी

⁂

इसाकी
२० ऑक्टोबर १९९८

वहिनी,

तुम्ही बोलवाल तोवर येणार नाही. बोलावलंत की अंगावर असतील त्या कपड्यांत येईन.

बैठक घेतली. एकोणीस घरं, सगळी आली. मी तुमचं नाव घेतलं नाही, थोटीचं सांगितलं आणि माझं खोटंही सांगितलं. गेन म्हणाला, करून बघू. बाकीच्यांपैकी अर्धे उठून गेले. तरुण पोरांतला एक मला म्हणाला, “काका, तुमच्या पापासाठी आमच्या ताटातला मासा का?” हिवाळ्याचे मोठे मासे येऊन जाऊ देत, मग बघू, एवढंच ठरलं.

जे झालं तेवढंच लिहिलंय.

मात्सुओ

⁂

कुझुहामा
३० नोव्हेंबर १९९८

मात्सुओ-सान यांस,

स्मशानात तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. चिसा तुमच्याकडे बघत नव्हती आणि मला तिच्याजवळ उभं राहायचं होतं. तिला वेळ द्या. किती ते मला सांगता येत नाही.

एक गोष्ट तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवी. मी त्या शेवटच्या आठवड्यात तोकुशिमाला शिगेनोबाईंजवळ होते. गुरुवारी सकाळी डोळे उघडून म्हणाल्या, “मात्सुओला बोलव.” मी खाली जाऊन फोन केला. तुमच्या बायकोने सांगितलं, बोट जाळ्यावर गेलीय, दुपारी येईल. वर येऊन मी त्यांना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “असू दे, ओढ चालू असेल. मध्येच सोडता येत नाही.” मग झोपल्या. तुम्ही संध्याकाळी आलात, तोवर सगळं झालं होतं.

राग गेला होता का, ते मी विचारलं नाही. काय सांगायचं होतं तेही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं रोज वाटतं. त्यांनी ‘बोलव’ म्हटलं एवढं नक्की. आवाज नेहमीचाच होता, कामाला हाक मारतात तसा.

मे महिन्यात किनाऱ्यावर या. बायका बोलतील, ऐकून घ्या.

ताकेयो

⁂

इसाकी
१२ जुलै १९९९

ताकेयोताईंना,

मार्चमध्ये झाकण लावलं. शेवटच्या एकाच पिशवीला, तेही शरद ऋतूपर्यंत बघू या बोलीवर. ते दादांनी सांगितल्यासारखं आहे, वर उताराचं छत आणि शेंड्याला आतून ढकललं की उघडणारी चौकट. त्यातून मासे जातात का? थोडे जातात. पोरं मला ऐकवतात, मी ऐकतो.

आतापर्यंत सात कासवं आली. तीन झाकणातून गेली. त्यातलं एक जाताना मी वरून पाहिलं. पाठीने चौकट उचलली, क्षणभर अडकलं, मग डोकं पाण्याबाहेर काढून असा श्वास घेतला की बोटीत आम्हाला ऐकू आला. मला बरं वाटलं आणि लगेच वाटलं, हे एवढंच होतं? चार दिवसांचं काम होतं. दादा नऊ वर्षं सांगत होते.

चार मेली. प्रवाह जोरात असला की छत खाली दबतं आणि चौकट उघडत नाही. त्यांतली दोन एकाच दिवशी, १९ जूनला. परवाची चौथी मादी होती, पोटात अंडी होती. चौकटीला तरंगते गोळे बांधून बघतोय. जमेल असं वाटतं, पण खात्रीने लिहीत नाही.

घरी बायको विचारते, रात्री दिवा लावून कुणाला लिहिता. दोन वेळा वरती ‘वहिनी’ लिहून कागद फाडला. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला चालत नसेल तर कळवा.

तुमच्या किनाऱ्यावरच्या कासवांच्या मागांची यादी चिसाने पाठवली. यादीबरोबर एक ओळसुद्धा नव्हती, पण पत्ता तिच्या हाताने लिहिला होता. ते पाकीट मी ठेवून दिलंय.

शेवटचं. मी मे महिन्यात आलो नाही असं तुम्हाला वाटत असेल. तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी कामाचं निमित्त लिहिलं. ते खरं नाही. ३० मे रोजी मी आलो होतो. संध्याकाळच्या बसने उतरलो आणि पाइनच्या झाडांपर्यंत गेलो. तिथे चटई होती, वहिनींच्या जागेवर तुम्ही बसला होतात. तुम्ही वळून बघितलंत, ओळखलंत आणि हात वर करून मला बोलावलंत. मी पाहिलंच नाही असं दाखवलं आणि रस्त्याकडे वळलो.

मी पाहिलं होतं, ताकेयोताई.

मात्सुओ